लालूंना शाहू महाराजांच्या रांगेत बसवणाऱ्यांनो, जरा थांबा की

खासबाग_कट्टा (धागा सुरू)

परवा दसरा चौकात एका कार्यक्रमाला गेलतो. वक्ते बाहेरचे होते, चांगले बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले की शाहूंनी करवीरात जे केलं तेच बिहारात लालूप्रसादांनी केलं. टाळ्या पण पडल्या. मला मात्र घरी आल्यावर पचेना, म्हणून इथं टाकतोय.

महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांना ठेवल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, जातवार बोर्डिंगं उभी केली. ते सगळं संस्थानच्या तिजोरीतनं. आणि लालूंच्या राज्यात चारा घोटाळ्यात सरकारी तिजोऱ्यांचं काय झालं? चाईबासा, देवघर, दुमका, दोरंडा, ही नावं माझी पाठ झालीत कारण प्रत्येकामागं कोर्टाचा निकाल आहे. सप्टेंबर २०१३ ला चाईबासाच्या एका केसमध्ये दोषी, ५ वर्षं. डिसेंबर २०१७ ला देवघर, साडेतीन. जानेवारी २०१८ ला चाईबासाची दुसरी केस, परत ५. मार्चमध्ये दुमका, सात अधिक सात म्हणजे १४. आणि फेब्रुवारी २०२२ ला दोरंडा, एकट्या त्या तिजोरीचे १३९ कोटी, ५ वर्षं आणि ६० लाख दंड. पाच वेळा दोषी ठरलेल्या माणसाला महाराजांच्या शेजारी खुर्ची द्यायची? मतं वेगळी असतील तर मांडा, फक्त शिव्या नकोत.

रंकाळ्याचा_वारा

भावा, निकाल पाठ केलास, त्याआधीचं बिहार पण पाठ कर की. गोपालगंज जिल्ह्यातल्या फुलवरियाचं पोरगं, घरात गुरं राखायची परंपरा, १९७७ ला छपऱ्यातनं २९ व्या वर्षी खासदार, १९९० ला मुख्यमंत्री. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला अडवाणींची रथयात्रा अडवून त्यांना अटक केली, केंद्रातलं व्ही. पी. सिंगांचं सरकार त्याच्यानं पडलं तरी मागं सरकला नाही. ज्यांच्या बापजाद्यांना मालकाच्या समोर खाटेवर बसायची मुभा नव्हती ते लोक त्याच्यामुळं ताठ मानेनं बोलायला लागले. हे मोजायला तुझ्याकडं कुठली तिजोरी आहे?

आणि ज्या दिवशी देवघर केसमध्ये लालू दोषी ठरले त्याच दिवशी त्याच कोर्टात जगन्नाथ मिश्रा निर्दोष सुटले. लालूंच्या आधीचा काँग्रेसचा मुख्यमंत्री. आडनावं बघ आणि गप्प बस.

खासबाग_कट्टा

गप्प कसा बसू, अर्धंच सांगतोस तू. हेच मिश्रा २०१३ ला लालूंसोबतच दोषी ठरले होते, ४ वर्षं लागली होती, आणि जानेवारी २०१८ ला चाईबासाच्या केसमध्ये परत ५ वर्षं. देवघरला सुटले, दुमक्याला सुटले, दोनदा अडकले. आडनावावर निकाल लागत असता तर चारी वेळा सुटले असते की.

रंकाळ्याचा_वारा

मग हे पण लिही की बेहिशेबी मालमत्तेच्या केसमध्ये २००६ ला लालू आणि राबडी दोघंही निर्दोष सुटलेत. सीबीआयच्याच स्पेशल कोर्टात. तुझ्या यादीत हे कुठं दिसलं नाही. आणि १९९६ ला पहिल्यांदा चौकशी लावली ती लालू सरकारनंच.

निवृत्त_कोषागार

मी ३१ वर्षं कोषागारात काढली (कुठं ते सांगत नाही), म्हणून थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा. "तिजोरी लुटली" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर पोती भरून नोटा नेणारी माणसं येतात. तसं काही नसतं. एखाद्या खात्याला वर्षाला ठरलेलं अनुदान असतं, ते जिल्ह्याला वाटून दिल्याचं पत्र येतं, त्याच्या मर्यादेत खात्याचा अधिकारी बिल काढतो, आम्ही बिल तपासून पास करतो. पशुसंवर्धन खात्यात काय झालं, तर ती वाटपाची पत्रंच बनावट. चारा, औषधं, जनावरं पुरवल्याची बिलं बनावट. पुरवठादार ठरलेले. आणि बजेटमध्ये मंजूर रकमेच्या कितीतरी पट पैसे जिल्ह्याच्या तिजोरीतनं निघत राहिले, वर्षानुवर्षं.

आता माझा प्रश्न. आमच्याकडं एखाद्या हेडखाली शंभर रुपये जास्त गेले तरी महालेखापालांचं पत्र यायचं, उत्तर देता देता जीव जायचा. तिकडं कॅगनं १९८५ पासून लिहिलंय की बिहारचे महिन्याचे हिशेब वेळेवर येत नाहीत. म्हणजे हे लालूंच्या आधीपासून सुरू होतं, ते मान्य. पण १९९० नंतर मुख्यमंत्री तेच आणि अर्थखातंही त्यांच्याकडंच. अर्थमंत्र्याला आपल्या एका छोट्या खात्याचा खर्च मंजुरीच्या कित्येक पट झालाय हे दिसलं नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. जानेवारी १९९६ ला चाईबासाचे डेप्युटी कमिशनर अमित खरे यांनी पशुसंवर्धनच्या ऑफिसवर छापे घातले तेव्हा ते बाहेर आलं. एका तरुण अधिकाऱ्याला जे महिन्याच्या आकड्यांवरनं कळलं ते पाटण्याला सहा वर्षं कळलं नाही? "चौकशी मीच लावली" हे छाप्यांच्या नंतरचं आहे, आणि सीबीआयकडं तपास गेला तो मार्च १९९६ च्या पाटणा हायकोर्टाच्या आदेशानं, सरकारच्या मर्जीनं न्हवे.

वैरणवाला

मी शिकलेला नाही जास्त, सहा म्हशी हाईत, डेअरीला दूध घालतो. त्या केसमदी एक गोष्ट मला कायम हसवती आणि मग लई राग येतो. बैल आणि म्हशी आणल्याची बिलं होती, हरयाणा दिल्लीकडनं रांचीला, आणि ज्या गाड्यांतनं आणली म्हणून नंबर लिवलेले ते तपासले तर स्कूटरचे निघाले. स्कूटरवर बैल. मागं बसवला आसंल, हेल्मेट घालून. आरं मी एक रेडकू टेम्पोत चढवायला तीन माणसं लावतो.

आता राग कशाचा ते सांगतो. एका म्हशीला दिवसाला वीस पंचवीस किलो ओली वैरण लागती, वर कडबा, वर सरकी पेंड, उन्हाळ्यात उसाचं वाडं मिळंना झालं की रात्रीची झोप उडती. वैरण म्हंजे काय ते जनावरं असल्याबिगर कळत न्हाई. ह्यांनी ती कागदावर चारली. आणि कुणाची? चाईबासा, दुमका हा सगळा आदिवासींचा मुलूख, आता झारखंडात गेलाय तो. त्या गरिबाला गाय, डुक्कर, कोंबडी द्यायच्या योजनेचे पैसे होते ते. जमीनदाराचे चोरले असते तर रंकाळ्याच्या भावाचं थोडं तरी ऐकलं असतं मी. सामाजिक न्यायवाल्यानं गरिबाच्या दावणीतली वैरण खाल्ली.

रंकाळ्याचा_वारा

वैरणवाले भाऊ, तुमचा राग खरा आहे, आणि ह्याच्यावर माझ्याकडं लगेच उत्तर नाही. एवढंच म्हणतो की त्याच माणसानं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी चरवाहा विद्यालय काढली होती, पोरगं जनावर घेऊन यायचं, जनावर चरायचं आणि पोरगं शिकायचं अशी कल्पना.

वैरणवाला

चांगली कल्पना. चालली का?

रंकाळ्याचा_वारा

नाही चालली.

ताराराणी_चौक

सगळे बाप्ये लालू लालू करालाय, मी राबडीदेवींवर बोलतो (होय, मी बाईच हाय, आमच्यात बायका असंच बोलतात, पुण्याच्यांनी दात काढू नयेत). चार्जशीट अंगावर आली म्हणून २५ जुलै १९९७ ला ह्यांनी राजीनामा दिला आणि बायकोला खुर्चीवर बसवलं, पाच दिवसांनी स्वतः कोर्टात हजर होऊन जेलमध्ये. त्याच महिन्यात जुना पक्ष सोडून नवा राष्ट्रीय जनता दल काढून झालेला. तेव्हापासनं आजपर्यंत राबडीवर जोक. चूल सोडून मुख्यमंत्री झाली, सही कशी करायची कळत नाही वगैरे. आणि हे जोक करणारे कोण? आपल्याच गावातले, ज्यांच्या घरात सरपंच वहिनी असतात आणि ग्रामसभेत दादा बोलतात. आपल्याकडं निम्म्या जागा बायकांना हाईत, किती ठिकाणी झेंडावंदनाला "सरपंच पती" पुढं असतो ते मोजा आधी. राबडीला हसायचा हक्क कोल्हापूर जिल्ह्याला तर अजिबात नाही.

पण म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बाईला पुढं करायचं तर तिच्या नावावर राज्य चालवायचं आणि निर्णय जेलमधनं घ्यायचे, ह्यात बाईचा मान कुठं राहिला. महिला मुख्यमंत्री झाली म्हणून मिरवू नका आणि अडाणी म्हणून हसू पण नका, दोन्ही बंद करा.

मंगळवारपेठ_फॅन

चाऱ्याचं सोडा, ते जुनं झालं. मला रेल्वेवर बोलायचंय कारण तेव्हा तर सगळे लालूंचे भक्त झालते. २००४ ते २००९ रेल्वेमंत्री. तिकीट वाढवलं नाही, गरीब रथ आणली, स्टेशनवर मातीच्या कुल्हडातनं चहा, आयआयएमची पोरं अभ्यासाला. मी पण तेव्हा कॉलेजला होतो, आमच्या सरांनी वर्गात सांगितलेलं मॅनेजमेंट लालूंकडनं शिका म्हणून. मालगाडीच्या डब्यात जास्त वजन भरायला परवानगी दिली, त्यातनं कमाई वाढली, हे खरंच हुशारीचं काम होतं, नाकारत नाही. पण नंतर २००९ ला ममता बॅनर्जींनी श्वेतपत्रिका काढून तो शिलकीचा आकडा फुगवलेला होता असं दाखवलं. आणि त्याच काळावरच्या दोन केसेस आता सुरू आहेत. एक म्हणजे ग्रुप डी च्या नोकऱ्या देऊन बदल्यात जमिनी घेतल्या असा आरोप, दुसरी रांची आणि पुरीच्या रेल्वेच्या हॉटेलांची, त्यात १३ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीच्या कोर्टानं लालू, राबडी, तेजस्वी तिघांवर आरोप निश्चित केले. त्यांनी गुन्हा कबूल नाही म्हणून सांगितलंय. आणि लगेच पुढच्या महिन्यात बिहारच्या निवडणुकीत पक्षाचा निकाल बघा. २०१५ ला ८० जागा, २०२० ला ७५, आणि २०२५ ला २५. कंडका पडला.

(वैभववाडीची लाईन तेव्हापण झाली नाही आणि अजून पण नाही, हे विषयांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही)

वकिलीचा_कोट

मंगळवारपेठ, आरोप निश्चित होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. ह्या धाग्यावर दोन्हीची सरमिसळ होतेय म्हणून सांगतो. चारा प्रकरणात शिक्षा झाल्या आहेत, त्यावर अपील आहेत आणि ते जामिनावर बाहेर आहेत. रेल्वेच्या दोन्ही प्रकरणांत अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. हा फरक आपण पाळला नाही तर उद्या आपल्यापैकी कुणावर नुसती एफआयआर झाली तरी शेजारी हेच करतील.

२०१३ मधली तारखांची गंमत बघण्यासारखी आहे. आधी कायदा असा होता की खासदार दोषी ठरला तरी तीन महिन्यांत अपील केलं की सदस्यत्व टिकायचं. १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं लिली थॉमस प्रकरणात ती सवलत रद्द केली. तेव्हाच्या केंद्रीय मंत्रिमंडळानं ती परत आणायला वटहुकूम मंजूर केला, राष्ट्रपतींची सही बाकी होती. २७ सप्टेंबरला राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत येऊन हा फाडून फेकून द्यावा असं म्हटलं, स्वतःच्याच सरकारचा वटहुकूम. आणि तिसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, लालू दोषी. तो वटहुकूम निघाला असता तर सारणची खासदारकी वाचायची शक्यता होती. ती गेली, शिवाय शिक्षा भोगून सुटल्यावरही सहा वर्षं निवडणूक लढता येत नाही. पक्षाचा अध्यक्ष मात्र राहता येतं, तिकिटं वाटता येतात. कायद्यातली ही फट कुठल्याच पक्षाला बुजवायची नाही.

राहता राहिला उशीर. गुन्हा उघड झाला १९९६ ला आणि दोरंडाचा निकाल २०२२ ला. २६ वर्षं. आपल्याकडं कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळायला वकिलांना चार दशकं भांडावं लागलं तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं, त्यामुळं उशिराचं मला नवल नाही, पण ह्या उशिराचा फायदा आरोपीला होतो हे कुणी विसरू नये. मधल्या काळात माणूस पाच वर्षं रेल्वेमंत्री होऊन जातो.

रंकाळ्याचा_वारा

वकीलसाहेब, तारखांवर आलाच आहात तर अजून एक तारीख घ्या. ३ ऑक्टोबर २०१३ ला लालूंना शिक्षा सुनावली. ९ ऑक्टोबर २०१३ ला, म्हणजे सहाच दिवसांनी, पाटणा हायकोर्टानं लक्ष्मणपूर बाथेचे सगळेच्या सगळे २६ आरोपी सोडले. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री जमीनदारांच्या रणवीर सेनेनं ५८ दलितांना मारलं होतं तिथं, बायका आणि लहान पोरांसकट. खालच्या कोर्टानं दोषी धरलेले ते, वर पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटले. वैरणीच्या पैशाला शिक्षा झाली, ५८ जीवांना झाली नाही. मग मला सांगा माझ्यासारख्यानं न्यायावर कसा विश्वास ठेवायचा. मी लालूला साधू म्हणत नाही. मी म्हणतोय की सापडतो तो एकाच बाजूचा.

खासबाग_कट्टा

लक्ष्मणपूर बाथे काढलंस ते बरं केलंस. १ डिसेंबर १९९७ ला बिहारात सरकार कुणाचं होतं? राबडीदेवींचं. ज्या गरिबांचा तू कैवारी म्हणतोस त्यांच्याच राज्यात त्यांना रात्रीत कापलं आणि पोलीस पोचले नाहीत. तपास त्यांच्या पोलिसांनी केला. पुरावा कच्चा राहिला तो कुणाच्या काळात?

रंकाळ्याचा_वारा

आणि रणवीर सेनेला राजकीय आसरा कुणाचा ते शोधायला अमीर दास आयोग राबडी सरकारनंच नेमला होता. तो २००६ ला गुंडाळला कुणी? नितीशकुमारांनी. सुशासनबाबू. हे पण लिव.

वकिलीचा_कोट

दोघांचंही खरं आहे.

शिरोली_फाटा

मी एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे, आमच्याकडं भट्टीवर आणि मोल्डिंगला निम्मी पोरं बिहारची. हा धागा काल वाचला आणि आज जेवणाच्या सुट्टीत एकाला विचारलं, सिवानचा आहे, पन्नाशीचा, बारा वर्षं इथं, मराठी आपल्यापेक्षा बरी बोलतो. म्हणलं लालू कसा माणूस? तो डबा बाजूला ठेवून म्हणाला, साहेब, लालूंच्या आधी माझा बाप मालकाच्या दारात चप्पल हातात घेऊन जायचा, लालू आल्यावर पायात घालून गेला. मी म्हणलं मग भारीच की. तर म्हणाला, चप्पल घालून गेला पण काम कुठं होतं, म्हणून तर मी तुमच्या भट्टीवर आलो.

मग बिडी पेटवून म्हणाला मत अजून कंदिलालाच (लालूंच्या पक्षाचं चिन्ह) देतो, मतदानाला जायला सुट्टी मिळाली तर. धनबादला जाणारी गाडी आहे कोल्हापुरातनं पण तिथनं पुढं घर लांब पडतं.

मंगळवारपेठ_फॅन

एका माणसाच्या डब्यावरनं राज्याचं मत ठरवायचं का आता? माझ्या ओळखीचा पाटण्याचा पोरगा आहे आयटीत, तो लालूंचं नाव काढलं की संध्याकाळी सातनंतर बाहेर न पडण्याच्या गोष्टी सांगतो. अपहरणं, खंडणी. त्याच्या बापानं दुकान विकून गाव सोडलं. ते पण बिहारच आहे.

शिरोली_फाटा

ठरवा कोण म्हणतंय, विचारलं ते सांगितलं. तुमच्या पोराचं पण खरं असंल. दुकान असणाऱ्याचा बाप आणि चप्पल हातात घेणाऱ्याचा बाप, दोघांचा लालू वेगळा.

निवृत्त_कोषागार

बिहारच्या राजकारणाची एक गंमत सांगतो, मला ही नेहमी आठवते. १९७३ ला पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत लालू अध्यक्ष आणि सुशील मोदी (पुढं भाजपचे नेते) सरचिटणीस. एकाच वर्षी निवडून आलेले, पुढं दोघंही जेपींच्या आंदोलनात. आणि १९९६ ला चारा प्रकरण सीबीआयला द्या म्हणून हायकोर्टात जे गेले त्यात हेच सुशील मोदी. त्यांच्याबरोबर शिवानंद तिवारी पण होते. आणि हे तिवारी पुढं कुठं गेले? लालूंच्याच पक्षात, उपाध्यक्ष. ज्याच्यावर केस घातली त्याच्याच मांडवात जाऊन बसले.

मंगळवारपेठ_फॅन

आपल्याकडचं बघताय न्हवं गेली पाच वर्षं? बिहारला कशाला नावं ठेवायची. इथं सकाळी आरोप, संध्याकाळी शपथविधी.

ताराराणी_चौक

ह्या एका वाक्यावर सगळा धागा सहमत होईल बघा.

खासबाग_कट्टा

होय सहमत, पण विषय सोडायचा नाही. आमच्याकडं पण चोर आहेत म्हणून त्यांचा चोर साव होत नाही. माझा मूळ मुद्दा वैरणवाल्यानं माझ्यापेक्षा नीट मांडलाय. मान मिळवून दिला हे मी आता मानतो, शिरोलीवाल्याचं वाचून तर जास्तच. पण शाहूंनी मान दिला तो शाळेच्या वाटेनं, पोरगं शिकून नोकरीला लागलं, त्याचं पोरगं पुढं गेलं. लालूंनी मान दिला आणि पुढची वाट केलीच नाही. पैसे होते. चोरीला गेले.

रंकाळ्याचा_वारा

शाहू राजे होते रे, त्यांना दर पाच वर्षांनी मतं मागायची नव्हती. लोकशाहीत गवळ्याच्या पोरानं तिथवर जायचं, चहूबाजूनं नोकरशाही वरच्या जातींची, त्यात शाळा काढायच्या, ही तुलनाच मुळात चुकीची आहे.

खासबाग_कट्टा

तेच तर मी पहिल्यापासनं म्हणतोय! तुलना चुकीची आहे!

वैरणवाला

झालं. दोघंबी एकच म्हणालाईत आणि भांडालाईत. मी धार काढून येतो.

रंकाळ्याचा_वारा

थांबा, एकच राहिलं. खासबाग, त्या वक्त्यांचं भाषण रेकॉर्ड केलं असलं तर टाक इथं. ते नक्की लालूंनी केलं म्हणाले का मंडल आयोगानं केलं म्हणाले, ते मला ऐकायचंय. दोन्हीत फरक आहे.

खासबाग_कट्टा

रेकॉर्डिंग नाही. मी पण टाळ्या वाजवत होतो तेव्हा.